नफा दिसतो, पण पैसा कुठे आहे? उधारी, रोकड आणि लाभांशातल्या या चुका टाळा

नफा-तोटा पत्रकात भरघोस नफा, आणि पगाराच्या आठवड्यात ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यातल्या शिल्लकीपेक्षा जास्त काढलेली बँकेची उचल. वाढत्या कंपन्यांची ही जुनी तक्रार आहे. उधारीची मुदत विक्री विभाग ठरवतो, देणी अकाउंट्स विभाग भागवतो, लाभांश, म्हणजे नफ्यातून भागधारकांना द्यायचा वाटा, संचालक मंडळ ठरवतं. तिघांचा संबंध एकाच बँक खात्याशी येतो, पण ते क्वचितच एकत्र बसतात. मला बहुतेक गोंधळाचं मूळ इथेच दिसतं.

उधारी फुकट समजणं. समजा, उधारीवरची वार्षिक विक्री 365 लाख आहे, म्हणजे रोज 1 लाख. वसुली 30 दिवसांवरून 45 दिवसांवर गेली, की येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायची रक्कम, 15 लाखांनी फुगतात. विक्री तीच, नफा तोच, पण तेवढं खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा व्यवहार चालवायला लागणारा पैसा, आणायचं कुठून? मग घाईघाईने सूट जाहीर होते: 10 दिवसांत पैसे द्या, 2 टक्के कमी भरा, नाहीतर 30 दिवसांत पूर्ण रक्कम द्या. ऐकायला किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात 98 रुपये 20 दिवस आधी मिळावेत म्हणून तुम्ही 2 रुपये सोडता. सरळ व्याजाने हा दर वर्षाला सुमारे 37 टक्के पडतो. बँकेचं कर्ज त्याहून स्वस्त असेल, तर ही सूट कशासाठी देतोय हे आधी स्पष्ट हवं.

सरासरीवर विसंबणं. वसुलीचे सरासरी दिवस ठीक दिसतात, कारण नव्या बिलांच्या गर्दीत जुनी थकबाकी झाकली जाते. येणी वयानुसार मांडा: 30 दिवसांपर्यंतची, 31 ते 60, 61 ते 90 आणि त्यापुढची. शेवटचा रकाना वाढू लागला, की त्या ग्राहकाचा पुढचा माल थांबवा, मग तो कितीही मोठा असो. कंपनीचा नफा विक्रीच्या 10 टक्के असेल, तर 1 लाखाचं बिल बुडाल्यावर 90 हजारांचा खर्च अंगावर येतो. तो भरून काढायला तशीच आणखी 9 बिलं पूर्ण वसूल व्हावी लागतात.

नफा पाहून लाभांश देणं. ही चूक मला सर्वात जास्त खटकते. नफा अजून ग्राहकांकडे अडकलेला असताना लाभांश दिला, तर तो कर्ज काढूनच दिला जातो. व्यवसायातून आलेल्या रोकडीतून आवश्यक भांडवली खर्च (यंत्रं, इमारती यांवरचा) वजा करा. उरेल ती लाभांशाची खरी मर्यादा. पुरवठादारांचे पैसे रखडवून रोकड वाढली असेल, तर तीही यात धरू नका, कारण ती परत द्यायची आहे.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉन लिंटनर यांनी 1956 साली मांडलेल्या अभ्यासात दिसलं, की व्यवस्थापक लाभांश कमी करायला फार कचरतात, म्हणून वाढवतानाही सावकाश पावलं टाकतात. ही सावधगिरी रास्त आहे. एखाद्याच वर्षी जास्त पैसा आला, तर विशेष, म्हणजे एकदाच द्यायचा लाभांश द्या. नेहमीचा दर वाढवलात, तर तो दरवर्षी पेलावा लागेल.

अंदाज बिलाच्या तारखेवर बांधणं. पुढच्या 13 आठवड्यांत किती पैसा येईल-जाईल याचा रोकड अंदाज तयार करताना देय तारखा लिहू नका. तो ग्राहक आजवर खरंच कधी पैसे देत आलाय, ती तारीख धरा. जाहीर करायचा लाभांशही त्याच तक्त्यात त्याच्या आठवड्यात मांडून पाहा. शिल्लक किमान पातळीखाली गेली, तर रक्कम ठरवण्याआधीच संचालक मंडळाला तो तक्ता दाखवा.