एमआरआयवर टी१, टी२ कसं मोजायचं, मोरचूदाच्या बाटलीवर

टी१ म्हणजे रेडिओ पल्सनं हललेलं पाण्यातल्या प्रोटॉनचं चुंबकत्व परत जागेवर यायला लागणारा वेळ, टी२ म्हणजे त्यांचा सिग्नल विरायला लागणारा वेळ. आपल्याकडं तासगावच्या द्राक्षबागांमुळं मोरचूद (कॉपर सल्फेट) सांगलीत कुठल्याही कृषी दुकानात मिळतो, तोच घ्या, लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये साधारण १ ग्रॅम विरघळवा आणि प्लॅस्टिकच्या बाटलीत काठोकाठ भरा, झाकण पण प्लॅस्टिकचंच. बुडबुडा राहिला तर त्याच्याभोवती इमेज वाकडी येते, म्हणून बाटली टिचक्या मारून हवा काढायचीच. आणि ती आदल्या रात्रीच स्कॅन रूममध्ये नेऊन ठेवा, बाहेर एप्रिलचं ऊन आणि आत एसी, तापमान बदललं की टी१ पण बदलतो, हे लोक फार विसरतात.

टी१ साठी इन्व्हर्जन रिकव्हरी. १८० अंशाचा पल्स देऊन चुंबकत्व उलटं करायचं, मग थांबायचं (हा टीआय), मग सिग्नल वाचायला ९० चा. टीआय वाढवत जा, सिग्नल कमी होत होत शून्याला टेकतो आणि परत चढतो. तो शून्याचा टीआय भागिले ०.६९ म्हणजे टी१, समजा २०० मिलिसेकंदाला शून्य आलं तर जवळपास २९०. टीआर (एका मापापासून पुढच्या मापापर्यंतचा वेळ) मात्र टी१ च्या पाचपट तरी ठेवा, घाई केली की आकडा चुकलाच.

टी२ ला स्पिन एको, म्हणजे ९० च्या पल्सनंतर १८० चा देऊन विखुरलेला सिग्नल परत गोळा करायचा, हा भौतिकशास्त्रज्ञ हानचा १९५० चा शोध. कार आणि पर्सेलनी १९५४ ला एकामागून एक एको घेतले, पण १८० चा पल्स जरा चुकला की चूक साठत जायची, ती १९५८ ला मायबूम आणि गिलनी पल्सची फेज ९० अंशानं फिरवून आवरली, मला ही युक्ती फार आवडते. सिग्नल सुरुवातीच्या ३७ टक्क्यांवर येतो तो वेळ टी२. मोजलेल्या आकड्यांवर वक्र बसवताना (फिटिंग) पहिला एको सोडून द्या.