थायरॉइडची गोळी आणि सकाळचा चहा

माझी थायरॉइड ग्रंथी मंद, म्हणून बारा वर्षं थायरॉक्सिनची गोळी घेतेय, त्यातली पहिली दोन वाया घालवली. पहाटे आधण ठेवायचं आणि चहाच्या पहिल्या घोटाबरोबर थायरॉइडची आणि कॅल्शियमची, दोन्ही गोळ्या एकदमच गिळायच्या. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की वाढणारा आणि जास्त झालं की घटणारा रक्तातला आकडा, 9 च्या खाली येईना. डोस 50 मायक्रोग्रॅमचा 75 झाला, मग 100. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "गोळी घेता कशी, ते सांगा बघू." सांगितलं, तर हसलेच.

गोळी उठल्याउठल्या, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम, लोह, अँटासिड चार तासांनी. मी कॅल्शियम दुपारच्या जेवणावर ढकललं. बाटली उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ ठेवते. गॅसजवळ नको, उष्णतेने आणि वाफेने गोळी खराब होते. उपवासालाही घ्यायचीच. विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा.

एक मात्र कुणी बजावलं नव्हतं. पद्धत सुधारली की तोच डोस जास्त लागू पडतो. महिन्याभरात माझी छाती धडधडायला लागली, झोप उडाली. टीएसएच पार तळाला. पुन्हा 75 वर आले. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करा, त्याआधी आकडा स्थिर होत नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन दिवस आधी बंद ठेवा, रिपोर्ट चुकतो. गरोदर राहिलात तर लगेच डॉक्टरांना कळवा, डोस बहुधा वाढवावा लागतो.

माझी धाकटी जाऊ उलट्या टोकाची. हात थरथरायचे, खाऊनपिऊन वजन उतरत चाललं होतं. सासूबाई म्हणाल्या, "थायरॉइडच ना, मग हिचीच गोळी घे." नशीब, घेतली नाही! तिला ग्रेव्ह्ज निघाला, म्हणजे ग्रंथी गरजेपेक्षा जास्त चालणारा आजार. ग्रंथी आवरायला कार्बिमॅझोल आणि धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं. कार्बिमॅझोलवर ताप आला किंवा घसा दुखला तर अंगावर काढायचं नाही. गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या. क्वचित त्या एकदम घसरतात.

दीड वर्षाने गोळ्या थांबवल्या, तर आजार उलटला. मग तिने किरणोत्सारी आयोडीन घेतलं. काही दिवस लहान मुलांपासून लांब राहावं लागलं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते देत नाहीत. त्यानंतर ग्रंथी बऱ्याचदा मंदावतेच, तशी तिचीही मंदावली. आता तिच्याही उशाशी माझीच गोळी.

परवा फोनवर विचारत होती, "ताई, बिनदुधाचा चालतो का हो, लगेच?"

नाही. कोरासुद्धा नाही.