मांजरासाठी कमी धुळीचं लिटर कसं पारखावं

आमची मांजर ठमी तिच्या शी-शूच्या ट्रेमधून बाहेर आली की लागोपाठ तीन-चार शिंका द्यायची. पावसाळी हवा असेल, असं म्हणत आम्ही दोन महिने काढले. मग श्रावणातल्या एका दुपारी उघडीप मिळाली, नेरूळच्या आमच्या घरात बाल्कनीतून तिरपं ऊन आलं, आणि मी ट्रेमध्ये लिटर, म्हणजे ओल शोषणारे दाणे, ओतत असताना त्या उन्हात पांढुरका ढग उठलेला दिसला. ठमीचं नाक बरोबर त्याच उंचीवर. पिशवीवर मात्र ठळक अक्षरांत ‘धूळमुक्त’ छापलेलं होतं.

तेव्हापासून मी पिशवीवरच्या शब्दावर जात नाही. तुम्हीही आधी लहानात लहान पिशवी आणा आणि घरीच परीक्षा घ्या.

पंखा बंद करा, खोलीत अंधार करा. ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर वीतभर उंचीवरून वाटीभर लिटर ओता आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. उठलेली धूळ लगेच खाली बसली तर चालेल. उजेडात बराच वेळ तरंगत राहिली तर ती फार बारीक आहे, छातीत खोल जाणारी आहे. ते लिटर नको. पिशवीच्या तळातलंही वाटीभर काढून हेच करा, कारण वाहतुकीत दाणे एकमेकांवर घासतात आणि सगळा भुगा तळाशी बसतो. नंतर ओटा ओल्या फडक्याने पुसून घ्या.

लिटर ओलं झाल्यावर गुठळी धरणारं असेल तर त्यावर दोन चमचे पाणी घाला, पंधरा मिनिटं थांबा आणि गुठळी वीतभरावरून टाका. ती फुटली तर रोज स्कूपमधून तिचा चुरा ट्रेमध्येच सांडणार, वाळणार आणि त्याची पुन्हा धूळ होणार.

आता प्रकार. बेंटोनाइट ही खाणीतून काढून, वाळवून, दळलेली माती. आपल्या देशात ती मुख्यतः गुजरात-राजस्थानात निघते. गुठळी घट्ट होते, मांजरांना पायाखाली आवडते, पण धुळीची तक्रार सर्वांत जास्त हिचीच. शिवाय मातीच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असू शकते, आणि ती वर्षानुवर्षं श्वासातून जाणं माणसालाही वाईट. ‘सिलिका’ हाच शब्द वाचून लोक सिलिका जेल लिटरच्या पांढऱ्या खड्यांना घाबरतात, पण ती सिलिका स्फटिकरूप नसते आणि त्यात धूळही सहसा कमी असते. काही मांजरांना मात्र ते खडे पायाला टोचतात. पाइनच्या लाकडाच्या गोळ्या स्वस्त पडतात, ओल्या झाल्या की भुसा होतो, तो चाळावा लागतो.

घरात कुणाला दमा असेल तर मी टोफू लिटर सुचवेन. ते सोयाबीनच्या चोथ्यापासून करतात आणि धूळ फारच कमी असते. त्याचा शत्रू म्हणजे ओल. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पापडसुद्धा सादळतात, तिथे उघडी पिशवी बुरशीला आमंत्रणच. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, महिन्यापुरतंच आणा. ट्रे बाथरूममध्ये असेल तर बादलीचे शिंतोडे उडणार नाहीत अशा कोपऱ्यात सरकवा. ‘फ्लश करता येतं’ असं लिहिलेलं असलं तरी करू नका. इमारतीचे पाइप सगळ्यांचे असतात, आणि मांजराच्या विष्ठेतले टॉक्सोप्लाझ्माचे जंतू सांडपाण्यात जायला नकोत. कागदात गुंडाळून, ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता, घंटागाडीवाल्या दादांना आत काय आहे ते सांगून द्या.

सुवासिक लिटर घेऊ नका. आपल्याला मोगरा वाटतो, मांजराच्या नाकाला तो झोंबतो, आणि मग ते गादीवर शू करतं. चार महिन्यांखालच्या पिल्लांना गुठळीचं लिटर अजिबात नको, ती ते तोंडात घालतात.

नवं लिटर एकदम बदलू नका. जुन्यात चौथा हिस्सा मिसळून सुरुवात करा आणि आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवत न्या. ओतताना पिशवीचं तोंड ट्रेच्या तळाशी टेकवा, खिडकी उघडी ठेवा. पाच ते सात सेंटिमीटरचा थर पुरतो. झाकणाच्या ट्रेमध्ये धूळ कोंडते, म्हणून उघडाच बरा. शी रोज उपसा, कारण टॉक्सोप्लाझ्मा संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं.

लिटर बदलूनही मांजर मान पुढे ताणून, जमिनीलगत बसून खोकत असेल, तर ते केसांचा गोळा काढतंय असं समजू नका. तो दमाही असू शकतो. दवाखान्यात गेल्यावर ते खोकेलच असं नाही, म्हणून घरीच व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल, किंवा बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसूनही शू होत नसेल, तर व्हिडिओसाठीही थांबू नका, लगेच निघा.