मेंढी फळली, आता तीन आठवडे तिला छेडू नका

मृगाच्या पावसाने रान हिरवं झालं की दख्खनी, माडग्याळ मेंढ्या माजावर येऊ लागतात. मेंढा लावण्याआधी खुराक वाढवायचं बहुतेकांच्या लक्षात असतं. फळल्यानंतरच्या दिवसांकडे मात्र दुर्लक्ष होतं, आणि गर्भ टिकतो की जातो हे बऱ्याचदा तेव्हाच ठरतं.

मेंढीचा माज 16-17 दिवसांनी फिरतो. माजानंतर बीजांडकोशावर पीतपिंड तयार होतो आणि गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक त्यातून येतं. गर्भ नसेल तर साधारण दोन आठवड्यांनी गर्भाशयाच्या अस्तरात इस्ट्रोजेनचे आणि पाठोपाठ ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर वाढतात. रिसेप्टर म्हणजे पेशीत संप्रेरक जिथे येऊन बसतं ती जागा. ऑक्सिटोसिन बसलं की अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन सुटतं, पीतपिंड विरतो, मेंढी परत माजावर.

गर्भाला हे रोखायचं असतं, तेही अस्तराला चिकटण्याआधी. फळल्यापासून बाराव्या दिवसाच्या सुमारास काही मिलिमीटरचा असलेला गर्भ दोन-तीन दिवसांत दोऱ्यासारखा कित्येक सेंटिमीटर लांब होतो. त्यातून इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन पाझरतं आणि हे रिसेप्टर वाढूच देत नाही. हा निरोप 12-13 व्या दिवशी पोचायलाच हवा. केंब्रिजमध्ये मूर आणि रोसन यांनी 1966 मध्ये दाखवलं, की गर्भ त्याआधी काढला तर मेंढी वेळेवर माजावर येते. तेराव्या दिवसानंतर काढला तर पीतपिंड जास्त दिवस टिकतो.

म्हणून गर्भाची वाढ मागे पडेल असं या काळात काही करू नका. मेंढा लावण्याआधी दोन-तीन आठवडे रोज 200-250 ग्रॅम भरडा देत असाल तर तो फळल्यावर एकदम तोडू नका. दुप्पटही करू नका: अति खाण्याने रक्तातलं प्रोजेस्टेरॉन उतरतं, हे पुष्कळांना पटत नाही, पण खरं आहे. लोकर कातरणी, गाडीतून वाहतूक, उन्हातली लांब चाल पुढे ढकला. जंतांसाठी अल्बेंडॅझोल पहिल्या महिन्यात नकोच, त्याने कोकरात व्यंग येऊ शकतं. दुसरं औषध डॉक्टरांना विचारा. माज एकत्र आणायचं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन फळलेल्या मेंढीला चुकूनही जाऊ देऊ नका, त्याने पीतपिंडच जातो.

मेंढ्याच्या छातीला तेलात कालवलेला रंग लावा. सुरुवात पिवळ्याने, सोळा दिवसांनी काव. पिवळा डाग असलेल्या मेंढीवर 16-17 दिवसांनी काव उमटली तर गर्भ राहिलाच नाही किंवा निरोपाआधीच गेला. 20-25 दिवसांनी उमटली तर निरोप बहुधा पोचला होता, गर्भ मागाहून गेला. तिथे चारा, ताण, आजार तपासा. बहुतेक मेंढ्या 17 दिवसांतच उलटत (परत माजावर येत) असतील तर आधी मेंढा तपासून घ्या.