'लागू नाही' लिहिण्याआधी पाटी वाचा: टर्बोप्रॉपच्या सक्तीच्या दुरुस्त्यांमध्ये या चुका टाळा

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर टर्बोप्रॉपचं, म्हणजे टर्बाइनच्या जोरावर प्रोपेलर फिरवणाऱ्या विमानाचं, काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडलं की मी आधी त्या इंजिनाचं लॉगबुक मागतो. बावीस वर्षांची सवय आहे. पाच-सहा पानं उलटली की बहुतेक वेळा तीच चूक समोर येते. एडीच्या, म्हणजे सक्तीच्या दुरुस्तीच्या आदेशाच्या, नंबरापुढे 'लागू नाही', खाली सही, शिक्का. काय पाहून लिहिलं, याचा एक शब्द नाही.

नव्या मुलांसाठी आधी थोडक्यात सांगतो. एखाद्या प्रकारच्या इंजिनात धोकादायक दोष सापडला की त्या इंजिनाचं डिझाइन ज्या देशाचं त्या देशाची हवाई सुरक्षा यंत्रणा एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह काढते. हँगरमध्ये आपण तिला एडी म्हणतो. किंग एअरवरचं पीटी६ आणि एटीआरवरचं पीडब्ल्यू१२७ ही इंजिनं कॅनडाची, त्यामुळे त्यांच्या मूळ एडी ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या आणि त्यांचे नंबर 'सीएफ'ने सुरू होतात. डॉर्नियर २२८ वरचं टीपीई३३१ अमेरिकेचं, म्हणून तिथे एफएए, म्हणजे अमेरिकेची हवाई यंत्रणा. आपल्याकडे डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांनुसार या एडी पाळाव्याच लागतात. कंपनीचं सर्व्हिस बुलेटिन म्हणजे एसबी, ती वेगळी गोष्ट. एसबी हा कंपनीचा सल्ला असतो आणि एडीने बोट ठेवलं की तोच सल्ला कायदा होतो. दोन्हींच्या मजकुरात फरक आढळला तर एडीचं ऐकायचं. एसबी अंगवळणी पडलेली असते म्हणून लोक तीच उघडून कामाला लागतात आणि एडीने घातलेली जादा अट राहून जाते.

इंजिनाचा नंबर पाहून एडी निकालात काढणं

मला सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक हीच.

एडीमध्ये 'अ‍ॅप्लिकॅबिलिटी' नावाचा परिच्छेद असतो, म्हणजे ती एडी कशाला लागू आहे ते. कधी तो इंजिनाच्या मॉडेलवर असतो, कधी सिरियल नंबरवर, कधी एखाद्या सुट्या भागाच्या पार्ट नंबरवर. घाईतला माणूस मॉडेल वाचतो, इंजिनाचा सिरियल नंबर यादीत शोधतो, सापडला नाही की 'लागू नाही' लिहून मोकळा होतो. इंजिन मात्र एकाच तुकड्याचं नसतं. पीटी६ तर मधोमध दोन मॉड्यूलमध्ये सुटतं, मागे गॅस जनरेटर आणि पुढे पॉवर सेक्शन. फ्युएल पंप, फ्युएल कंट्रोल (इंजिनाला किती इंधन जायचं ते ठरवणारं युनिट), गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) हे सगळे भाग या इंजिनावरून त्या इंजिनावर जातात आणि आपला इतिहास सोबत घेऊन जातात.

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांतली गोष्ट आहे. डिसेंबरात नागपूरच्या अ‍ॅप्रनवर चार्टर विमानांची किती दाटी होते ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एक बी२०० आलं होतं, दोन पीटी६ए-४२ इंजिनांचं. किरकोळ काम होतं, संध्याकाळी सहाला परत उडायचं होतं. एडीची स्थिती सांगणारा तक्ता नीट टाइप केलेला, रकाने भरलेले. एका एडीपुढे 'लागू नाही, सिरियल नंबर कक्षेबाहेर' असं लिहिलं होतं. ती एडी फ्युएल कंट्रोल युनिटच्या नंबरांवर होती, इंजिनाच्या नव्हे.

माझ्यासोबतचा मुलगा म्हणाला, "सर, हे तर आधीच पाहून ठेवलं हाय ना. काहून पुन्हा उघडून राहिलो आपण?"

मी त्याला आरसा आणि टॉर्च दिला. फ्युएल कंट्रोल मागच्या अ‍ॅक्सेसरी गिअरबॉक्सवर, पंपाला जोडलेलं असतं आणि त्याची नंबराची पाटी सरळ उभं राहून वाचता येत नाही. पाच मिनिटं वाकून त्याने एकेक आकडा वाचला, मी लिहिला. मग त्याला खाली उतरवलं, मी वर गेलो, मी वाचला आणि त्याने लिहिला. दोन्ही कागद जुळले. पण रेकॉर्डमधला नंबर वेगळाच होता. चौदा महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका हँगरमध्ये ते युनिट बदललं होतं. नव्या युनिटचा रिलीज टॅग (ते वापरायला योग्य असल्याचा दाखला) लॉगबुकच्या प्लॅस्टिकच्या खिशात घडी घालून ठेवला होता, तक्त्यात तो कधी चढलाच नव्हता. आणि बसवलेल्या युनिटचा नंबर एडीच्या यादीत होता. मुदत उलटून सात महिने झाले होते.

विमान थांबवलं. मालकाच्या माणसाने आवाज चढवला, मला दोन ठिकाणांहून फोन आले. तिसऱ्या दिवशी मुंबईहून दुसरं युनिट आलं, तोवर ते विमान तिथेच उभं राहिलं. पीटी६ मध्ये फ्युएल कंट्रोलला हवेच्या दाबाचा संकेत देणारी नळी फुटली तर इंधन किमान प्रवाहावर घसरतं आणि इंजिन आयडलकडे, म्हणजे किमान वेगाकडे, येतं, पुढे थ्रॉटल कितीही ढकला. हे ज्याला माहीत आहे तो त्या सात महिन्यांतल्या उड्डाणांचा विचार शांतपणे करू शकत नाही. मी आजही करू शकत नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. 'लागू नाही' हे दोन शब्द मी एकटे लिहीत नाही. त्यांच्यापुढे कारण येतं, कोणत्या भागाची पाटी वाचली तो भाग येतो, पार्ट नंबर, सिरियल नंबर, तारीख येते. पाटी वाचता आली नसेल तर 'लागू नाही' असं लिहायचंच नाही, भाग सुटा करून वाचायचा. आणि कोणताही सुटा भाग इंजिनावर चढला की त्याच दिवशी सगळ्या एडी त्या भागाच्या नजरेने पुन्हा वाचायच्या. याला अर्धा दिवस जातो. जाऊ द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवरची पीडीएफ

ग्रुपवर आलेली एडी छापून काम करू नका. एडी सुधारल्या जातात, जुनी रद्द होऊन नवी येते, पुढे फिरवलेली प्रत मात्र तशीच राहते. कामाच्या दिवशी सकाळी मूळ संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन पाहा आणि वर्कशीटवर आवृत्ती लिहा.

तास, सायकल, तारीख यांचा घोळ

मुदत 'यापैकी जे आधी येईल' अशी असेल तर तिन्ही हिशोब मांडा. मुदत एडी लागू झाल्याच्या तारखेपासून मोजायची की भाग नवा असल्यापासून, हे दोनदा वाचा. सायकल म्हणजे इंजिन सुरू करून, उडून, उतरून बंद करण्याची एक फेरी. तिच्या बाबतीत एक गोष्ट लोक हमखास विसरतात. इंजिन बंद न करता उतरून पुन्हा उडालेली प्रत्येक फेरी रोटरच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या भागांच्या, आयुष्यातून काही ना काही वजा करते. तिचा हिशोब करण्याचं सूत्र कंपनीने दिलेलं असतं. नुसते स्टार्ट मोजले तर सरावाची उड्डाणं करणाऱ्या विमानाचा हिशोब चुकलाच म्हणून समजा.

पुन्हापुन्हा करायची तपासणी एकदा करून बंद करणं

एडी वारंवार तपासणीची असेल तर 'पूर्ण' लिहून चालत नाही. पुढची तपासणी किती तासांवर, ते त्याच ओळीत आलं पाहिजे. ती कायमची संपवणारी कारवाई एडीतच लिहिलेली असते. आपल्या मनाने ती संपत नाही.

बोरस्कोप उरकणं

ही माझी दुसरी दुखरी जागा.

२०१४ साली पीटी६ए-११४ आणि ११४ए इंजिनांच्या कॉम्प्रेसर टर्बाइनच्या पात्यांबाबत एडी आली. अनेक सेस्ना कॅरॅव्हॅनवर हीच इंजिनं असतात. ठराविक अंतराने बोरस्कोपने (आत घालून पाहायच्या कॅमेऱ्याच्या बारीक नळीने) पाती तपासा आणि पुढे एकस्फटिकी धातूच्या पात्यांचा संच बसवा, असा तिचा गाभा. त्यामागचं कारण नागपूरच्या माणसाला लवकर कळावं. ही टर्बाइन १०० टक्के वेगाला मिनिटाला सुमारे ३७,५०० फेरे घेते, तेही ज्वलनकक्षातून आलेल्या वायूच्या झोतात. अशा ताणाखाली तापलेला धातू हळूहळू लांबतो, त्याला क्रीप म्हणतात. साध्या ओतीव पात्यात धातूच्या कणांच्या सीमा असतात आणि क्रीपची भेग बहुधा तिथूनच निघते. एकस्फटिकी पात्यात त्या सीमाच नसतात. आता आपला मे महिना आठवा, ४५ अंश. अशा दुपारी टॉर्क (प्रोपेलर फिरवणारा जोर) मर्यादेला पोचण्याआधीच टर्बाइनचं तापमान मर्यादेला टेकतं. वैमानिकाने तिथे थोडं जास्त ओढून घेतलं की त्याची किंमत पाती चुकवतात.

आणि अशा पात्यांची तपासणी लोक वीस मिनिटांत उरकतात.

एका उन्हाळ्यात माझ्याकडे एक हुशार मुलगा होता. पुस्तकं पाठ, हात मात्र उतावळा. त्याने एक फ्युएल नॉझल काढला, नळी आत घातली आणि दुसऱ्याला प्रोपेलर फिरवायला सांगितलं. पडद्यावर काही हलेना. पीटी६ फ्री टर्बाइन आहे, प्रोपेलरशी जोडलेली असते ती पॉवर टर्बाइन. कॉम्प्रेसर टर्बाइनचा शाफ्ट वेगळा, ती फिरवायची तर मागच्या अ‍ॅक्सेसरी पॅडवरून फिरवावी लागते. हे त्याने परीक्षेत लिहिलंही असेल, इंजिनासमोर आठवलं नाही. तिथवर ठीक होतं, शिकायचे दिवस होते. पण पुढे मागून फिरवून त्याने "सगळी पाती पाहिली" असं लिहिलं, तेव्हा मी विचारलं, किती? त्याला आकडा सांगता आला नाही. पहिलं पातं कोणतं धरलं, तेही सांगता आलं नाही. हँगरचा पत्रा तापलेला, पडद्यावर दाराकडून उजेड पडत होता, घाम डोळ्यांत जात होता. मी त्याला पाणी प्यायला पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बोलावलं.

पहाटे आम्ही पुन्हा केलं. एका पात्याच्या पुढच्या कडेला टोकाशी एक बारीक काळी रेष होती. आदल्या दिवशीही ती तिथेच असणार. मॅन्युअलची मर्यादा पाहिली, रेष मर्यादेबाहेर होती. इंजिन उतरलं.

म्हणून मे-जूनमध्ये बोरस्कोप पहाटे. इंजिन रात्रभर थंड झालेलं असतं, नळीला धोका नाही, डोळे ताजे असतात. एकाने फिरवायचं, एकाने पाहायचं, तिसऱ्याने प्रत्येक पात्याला मोठ्याने आकडा देऊन लिहायचं. पात्यांची एकूण संख्या आधीच कागदावर हवी. पॅडच्या किती वेढ्यांत टर्बाइनचा एक फेरा होतो, तेही काढून ठेवायचं आणि फेरा संपल्यावर आणखी तीन-चार पाती पुढे जायचं. प्रत्येक पात्याचं चित्र आकड्यासह साठवायचं. पाहणाऱ्याने दर वीस मिनिटांनी नजर हटवायची. तीन माणसं मिळत नसतील तर काम उद्यावर टाका. नॉझल परत बसवताना गॅस्केट नवं, जुनं 'चांगलं दिसतंय' म्हणून पुन्हा वापरायचं नाही.

इंजिन उघडल्यावर हॉट सेक्शनच्या, म्हणजे ज्वलनकक्ष आणि टर्बाइनच्या, भागावर साध्या पेन्सिलीने खूण करू नका. त्यातला कार्बन तापल्यावर धातूत शिरतो आणि तिथूनच भेग सुरू होऊ शकते. मान्य केलेली शाई किंवा खडूच वापरा.

दोष घासून पुसणं

हे उदाहरण प्रोपेलरचं आहे, पण टर्बोप्रॉपवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असावं. मार्च १९९४ मध्ये कॅनडात आणि ब्राझीलमध्ये एकाच कंपनीच्या, सारख्या रचनेच्या प्रोपेलरची पाती उडाली. पात्याच्या आतल्या पोकळीत समतोलासाठी शिसं भरून वर बुचाचं टोपण लावलेलं असे. त्या बुचातल्या क्लोरीनमुळे आतून गंज धरत होता. अल्ट्रासोनिक तपासण्या सुरू झाल्या. एका पात्यात संशयास्पद संकेत आला, पातं दुरुस्तीला गेलं. तिथे बोरस्कोपमध्ये गंज दिसला नाही, पोकळी घासून गुळगुळीत केली आणि पातं सेवेत परतलं. भेग आतच राहिली. २१ ऑगस्ट १९९५ ला अमेरिकेत जॉर्जियातल्या कॅरल्टनजवळ तेच पातं उड्डाणात तुटलं. एम्ब्रेअर १२० विमान, आत २९ जण. शेतात उतरवलं, आग लागली, कॅप्टनसह अनेकांचा जीव गेला.

सक्तीच्या तपासणीने दोषी पातं बरोबर हेरलं होतं. दुरुस्तीने त्याचा पुरावा घासून टाकला. खरखर दिसली की एमरी पेपरकडे जाणारा हात मी रोज पाहतो, म्हणून हे सांगतोय. आधी मोजा, फोटो काढा, मर्यादा वाचा, घासायची परवानगी मॅन्युअलमध्ये आहे का पाहा. घासल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितलेली तपासणी पुन्हा करा. संकेत कशाचा होता हे समजलं नसेल तर भाग विमानावर जात नाही.

बाकीच्या चुका

दुसऱ्या कंपनीला मिळालेली, एडी पाळण्याच्या पर्यायी पद्धतीची मंजुरी आपल्याला आपोआप मिळत नाही. इंजिनात बदल केलेला आहे म्हणून एडी टळत नाही. बदलामुळे ती पाळता येत नसेल तर परवानगी मागावी लागते. टॉर्क रेंचच्या कॅलिब्रेशनची तारीख काम सुरू करण्याआधी पाहा. इंधन किंवा कंट्रोलची जोडणी उघडली असेल तर दुसऱ्या अधिकृत माणसाची स्वतंत्र तपासणी हवी आणि त्या माणसाने खरोखर हात लावून पाहिलं पाहिजे, चहाच्या टपरीवर सही करायची नाही.

काम झालं की ग्राउंड रन, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून पाहणं. त्यानंतर काउलिंग लगेच लावू नका. मी दहा मिनिटं ते उघडंच ठेवतो, टॉर्च घेऊन प्रत्येक उघडलेल्या जोडाखाली पांढरं कापड फिरवतो. कापड कोरडं निघालं की एडीचा नंबर, आवृत्ती, पद्धत, तास, सायकल आणि पुढची मुदत एका ओळीत लिहितो. सही त्यानंतर.