कुकीज प्रॉक्सीत अडवायच्या की ब्राउझरमध्ये? या चुका टाळा

समजा, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कार्यालयात सर्व संगणक प्रिव्हॉक्सी या फिल्टरिंग प्रॉक्सीमार्फत (ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून ये-जा गाळणाऱ्या प्रोग्राममार्फत) इंटरनेटला जोडले आहेत, कुकीज (संकेतस्थळे ब्राउझरमध्ये ठेवतात त्या लहान नोंदी) अडवण्याचा नियमही तिथेच लिहिला आहे, आणि तरीही ब्राउझरमध्ये कुकीज साठतच आहेत. नियम चुकला असेल असे मानून लोक तो पुन्हा पुन्हा लिहीत बसतात, पण बहुतेक वेळा कारण वेगळे असते.

आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर एन्क्रिप्ट (सांकेतिक) करणाऱ्या जोडणीवर, चालतात. अशा जोडणीत प्रॉक्सीला फक्त संकेतस्थळाचे नाव दिसते. कुकी ज्या हेडरमधून (पानासोबत येणाऱ्या तांत्रिक माहितीच्या ओळींमधून) येते तो एन्क्रिप्ट केलेला असतो, त्यामुळे नियम अचूक असला तरी लागू होत नाही. प्रिव्हॉक्सीच्या ३.०.२९ या आवृत्तीपासून (२०२०) एचटीटीपीएस तपासणीची, म्हणजे अशी जोडणी प्रॉक्सीत उलगडून आतला मजकूर पाहण्याची, सोय आहे, मात्र त्यासाठी प्रॉक्सीचे स्वतःचे प्रमाणपत्र प्रत्येक ब्राउझरमध्ये बसवावे लागते आणि त्याची खासगी किल्ली कसोशीने जपावी लागते, कारण ती ज्याच्या हाती पडेल तो त्या संगणकांसमोर कोणत्याही संकेतस्थळाचे सोंग घेऊ शकतो. केवळ कुकीजसाठी एवढी जोखीम पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तपासणी सुरू करायचीच असेल, तर बँकेची आणि कर भरण्याची संकेतस्थळे तिच्यातून वगळावीत.

दुसरी चूक थर्ड-पार्टी कुकीजबाबत, म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळाऐवजी त्या पानातील दुसऱ्याच संकेतस्थळाने ठेवलेल्या कुकीजबाबत, होते. कोणती विनंती कोणत्या पानातून निघाली, हे ब्राउझरला नेमके ठाऊक असते. प्रॉक्सीला फार तर रेफरर हेडरवरून (विनंती कोणत्या पानावरून आली ते सांगणाऱ्या ओळीवरून) अंदाज बांधता येतो. म्हणून हे काम ब्राउझरकडेच सोपवावे. जाहिरातींचे सर्व्हर नावानिशी अडवणे मात्र प्रॉक्सीला एचटीटीपीएसवरही जमते आणि तिथे तिचा खरा उपयोग आहे.

येणाऱ्या कुकीज अडवल्या म्हणजे जुन्या पुसल्या गेल्या, हाही गैरसमजच. त्या ब्राउझरमध्ये राहतात आणि सर्व्हरकडे जात राहतात. त्या हातानेच काढाव्या लागतात. तसेच प्रॉक्सीने मुदत काढून टाकून कुकी केवळ सत्रापुरती (ब्राउझर बंद करेपर्यंतची) केली, तरी ब्राउझरमध्ये मागील टॅब पुन्हा उघडण्याची सोय चालू असल्यास ती टिकू शकते. लोकल स्टोरेजमधील (संकेतस्थळांसाठी ब्राउझरमध्ये असलेल्या वेगळ्या साठ्यातील) माहितीला तर कुकीचे नियम लागूच होत नाहीत.

लॉगिन केल्यावर पुन्हा लॉगिनचेच पान येत असेल, तर आधी खासगी विंडोत प्रयत्न करावा. तिथे काम झाले, तर दोष ब्राउझरमधील जुन्या कुकीजचा किंवा एक्स्टेन्शनचा असण्याची शक्यता अधिक. तिथेही अडले, तर थोडा वेळ प्रॉक्सी टाळून पाहावे, कारण खासगी विंडोही त्याच प्रॉक्सीतून जाते. दोष प्रॉक्सीत निघाला, तर प्रिव्हॉक्सीच्या स्वतःच्या माहिती पानावर तो पत्ता टाकावा. त्याला कोणते नियम लागतात ते तिथे दिसते. मग त्या संकेतस्थळासाठी अपवाद लिहावा, आणि तो मूळ नियमांच्या फाइलमध्ये न लिहिता वापरकर्त्याच्या फाइलमध्ये लिहावा, कारण नवी आवृत्ती बसवताना मूळ फाइल बदलली जाऊ शकते.