‘आउटडोअर एड घेऊ का?’ असं मुलानं विचारलं तर

जुलै उजाडला की मला हमखास एक फोन येतो. मेलबर्नला येऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं, मुलगा किंवा मुलगी दहावीत, आणि शाळेकडून पुढच्या वर्षाच्या विषयांचा फॉर्म आलेला. ‘ताई, इंग्लिश, मेथड्स म्हणजे गणित, केमिस्ट्री कळलं. पण हा आउटडोअर एज्युकेशन म्हणतोय. ट्रेकिंग करून बारावी होते का इथे?’ आणि मागून दबका आवाज, ‘आई, स्पीकरवर नको ना.’

हसू नका, आमच्याही घरी हेच झालं. माझं कॉलेज अर्धं वर्गात आणि अर्धं अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहरच्या पायऱ्यांवर गेलेलं. तरी लेकीनं तेच विषय म्हणून मागितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, ‘ते शनिवार-रविवारी कर की!’ तिनं शेवटी घेतला, दोन्ही वर्षं केला, आणि आमचा गैरसमज हप्त्याहप्त्यानं उतरला.

व्हीसीईत, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीत, या विषयाचं पूर्ण नाव आहे आउटडोअर अँड एन्व्हायर्नमेंटल स्टडीज. मुलं ओईएस म्हणतात. चार युनिट्स असतात, साधारणपणे पहिली दोन अकरावीत आणि पुढची दोन बारावीत. बारावीच्या गुणांपैकी निम्मे वर्षभराच्या शाळेतल्या कामाचे आणि निम्मे वर्षअखेरच्या दोन तासांच्या लेखी पेपरचे. डोंगर किती झपाझप चढलात याला गुण नाहीत. गुण आहेत ते तिथे काय पाहिलंत, ते तसं का झालं आणि पुढे काय व्हायला हवं हे नीट लिहिण्याला. ‘सोपा आहे म्हणून घेतो’ म्हणणाऱ्या मुलाला हे आधी सांगा. लिहिण्याचा कंटाळा असेल तर हा विषय रडवतो.

आता एटारचं, म्हणजे विद्यापीठ प्रवेशासाठी बघतात त्या क्रमांकाचं बोलू, कारण खरा प्रश्न तोच असतो. प्रत्येक विषयाचा स्टडी स्कोअर ५० पैकी असतो आणि त्याची सरासरी ३० ठेवलेली असते. मग त्याचं स्केलिंग होतं. तो विषय घेणारी मुलं त्यांच्या बाकीच्या विषयांत कशी चमकतात, यावर ते ठरतं. स्पेशालिस्ट मॅथ्स वर चढतो, ओईएस खाली उतरतो. यात लपवण्यासारखं काही नाही. पण पुढचं गणितही बघा. इंग्लिश आणि उरलेल्यांतले उत्तम तीन पूर्ण धरले जातात, पाचव्या-सहाव्याचे फक्त १० टक्के मिळतात. म्हणजे पाचवा विषय म्हणून ओईएस घेतला तर स्केलिंगचा फटका फार मोठा बसत नाही. मेडिसिन किंवा इंजिनिअरिंग डोक्यात असेल तर आधी त्या कोर्सला कोणते विषय अनिवार्य आहेत ते तपासा, ते फॉर्मात बसवा, आणि मग उरलेल्या जागी हा. माझं मत विचाराल तर मुलाला खरी ओढ असेल तर घेऊ द्या. मन नसलेल्या विषयात २४ चा स्कोअर आला तर स्केलिंग बहुतेकदा तो फार वर नेत नाही.

आणि एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. या देशाची ओळख आम्हाला नोकरीनं किंवा शेजाऱ्यांनी जेवढी करून दिली नाही, तेवढी या विषयाच्या गृहपाठानं करून दिली. लेकीनं एकदा जेवताना विचारलं, ‘आई, फ्रँकलिन नदीचं धरण माहितेय?’ मला कुठून माहीत असणार? टास्मानियात फ्रँकलिनवर धरण बांधायचं होतं. हजारोंनी विरोध केला, अनेक जण तुरुंगात गेले, १९८३ ची निवडणूकही त्यावर तापली, आणि त्याच वर्षी १ जुलैला हायकोर्टानं चार विरुद्ध तीन अशा मतांनी धरण थांबवलं. इथे हायकोर्ट म्हणजे देशाचं सर्वोच्च न्यायालय, हेही मला तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हा विषय काढला. पाच वर्षं ज्यांच्याशी हवा आणि फुटी, म्हणजे इथला फुटबॉल, सोडून काही बोलले नव्हते, ते सहकारी तासभर बोलत बसले.

मग बज बिम. व्हिक्टोरियाच्या नैर्ऋत्येला गुंडिचमारा लोकांनी ज्वालामुखीच्या दगडांत चर खणून, बांध घालून ईल मासे पाळण्याची व्यवस्था उभारली होती, निदान ६,६०० वर्षांपूर्वी. २०१९ मध्ये ती जागतिक वारसा यादीत आली. ‘हे लोक नुसते भटके होते’ असं कुणी पार्टीत म्हणालं की आमची लेक आता गप्प बसत नाही. ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांना ती त्यांच्या मूळ नावानं गारिवर्ड म्हणते, आणि आता आम्हीही.

एकदा मरे नदीकाठच्या बार्मा जंगलाचा निबंध चालला होता. त्यात रामसर करार आला, पाणथळ जागांसाठीचा, १९७१ चा. तिनं यादी उघडली आणि त्यात आमचं नांदूर मधमेश्वर! निफाड तालुक्यातलं, जिथे मी लहानपणी बाबांबरोबर पक्षी बघायला जायचे. २०२० मध्ये ते यादीत आलंय हे मला मेलबर्नच्या स्वयंपाकघरात कळलं. त्या रात्री आजोबांना फोन लागला आणि निबंध बाजूला राहिला.

आता काळजीचा भाग. तीन-चार दिवसांचे कॅम्प असतात, मुलं-मुली एकत्र जातात, फोनला रेंज नसते. नाही म्हणण्याआधी शिक्षकांना भेटा आणि थेट विचारा: तंबूंची व्यवस्था कशी, सोबत शिक्षिका आहेत का, पाळीच्या वेळी काय, औषधं कोणाकडे राहणार, वणव्याचा इशारा आला तर कॅम्प रद्द होतो का. असे प्रश्न विचारणाऱ्या पालकांना इथे कुणी भित्रं समजत नाही. कंपासवर, म्हणजे शाळेच्या ॲपवर, येणारा संमतीचा फॉर्म शेवटच्या रात्रीपर्यंत ठेवू नका. ॲलर्जी, दमा, शाकाहार सगळं लिहा. ‘थोडासा दमा’ हा लिहायचाच असतो.

वर्षभराचा एकूण खर्चही फॉर्म भरण्याआधी विचारा. बर्फाचा कॅम्प सगळ्यांत महाग पडतो. कन्सेशन कार्ड (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारं सवलतीचं सरकारी कार्ड) असेल तर सरकारी मदत मिळते. नवीन आलेल्यांकडे ते बहुतेक नसतं, तेव्हा शाळेत स्पष्ट बोला, हप्ते करून देतात. रकसॅक, तंबू, रेनकोट लगेच विकत घ्यायची गरज नाही. बऱ्याच शाळा देतात, बाकी ऑप शॉपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात, शोधा. बूट मात्र स्वतःचे हवेत, आणि निदान महिनाभर वापरलेले. आम्ही आदल्या संध्याकाळी कोरे बूट आणले आणि पोरीनं विल्सन्स प्रॉम या राष्ट्रीय उद्यानातली वाट फोडांसकट पार केली. चूक सर्वस्वी माझी. थंडीच्या कॅम्पला जीन्स आणि सुती कपडे नकोत. भिजले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब खेचून घेतात. लोकरी किंवा पॉलिएस्टर द्या. ओटवेजच्या ओल्या रानात जळवा असतात, पण सह्याद्रीत पावसाळा काढलेल्या आईबापांना ते काय सांगायचं!

खाण्याचं मी मनापासून सांगते. स्टीलचा डबा देऊ नका, तो पाठीवर त्यांनाच वाहायचा असतो. मुलं ट्रँगिया नावाच्या छोट्या स्पिरिटच्या स्टोव्हवर दोघा-तिघांत मिळून शिजवतात. मूगडाळ-तांदूळ धुऊन, कडक वाळवून, मीठ-हळद-जिऱ्यासकट पिशवीत भरून दिलं की खिचडी होते. पहिल्या दोन दिवसांना दशम्या, वर शेंगदाण्याची चटणी. भाजलेल्या पोह्यांचा चिवडा तर सोन्याच्या भावानं जातो. लेकीच्या गटात तिसऱ्या कॅम्पपासून ऑस्ट्रेलियन मुलं मेतकूट-भाताची मागणी करू लागली. मी साताऱ्याच्या मावशीकडून किलोभर मेतकूट मागवलं ते त्यामुळेच.

समुद्राबद्दल एक गंभीर गोष्ट. लाटांच्या कॅम्पला मुलांना शिकवतात की पोहायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, आणि रिपमध्ये, म्हणजे आत समुद्राकडे ओढणाऱ्या प्रवाहात, सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावून दमायचं नाही, तरंगत राहायचं आणि हात वर करायचा. जानेवारी २०२४ मध्ये फिलिप आयलंडच्या फॉरेस्ट केव्ह्ज किनाऱ्यावर आपल्याच भारतीय कुटुंबातली चार माणसं गेली. तिथे जीवरक्षकांचा पहारा नव्हता. मुलानं कॅम्पहून हे शिकून आणलं की त्याच्याकडून तुम्ही शिका, आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांना समुद्रावर नेण्याआधी त्यांनाही सांगा.

आणि कॅम्पहून परत आल्यावर पोर आधी झोपेल, तेव्हा बॅग तुम्हीच उघडा. तंबू ओला असतो. गॅरेजमध्ये दोरीवर पसरून दोन दिवस पूर्ण वाळवा, शिवणींसकट. भाड्याचा तंबू दमट गुंडाळून दिला की बुरशी धरते आणि डिपॉझिट जातं. आमचं एकदा गेलंय.